तेलाचं बोट

राजूरच्या अलीकडे, कोळशाच्या ट्रकांनी काळा करून सोडलेला रस्ता टाकून आत वळलं की एक तांडा लागतो. तिथं उत्तमसिंग राठोडचं घर कोणालाही विचारा. माणूस घर दाखवील, पण आधी हसून घेईल. ह्यात तांड्याचा काही दोष नाही.

उत्तमसिंग जन्माचा धांदरट. वणीला जायचं म्हणून बसमध्ये बसावं अन् पांढरकवड्याला उतरावं, शर्टाची गुंडी एक काज सोडून लावावी अन् तसंच लग्नाच्या पंगतीत वाढत फिरावं, चष्मा कपाळावर असताना चष्म्यासाठी घर डोक्यावर घ्यावं, असा सगळा कारभार. घरातल्या मापाच्या टेपाचा पहिला इंच कधीचाच तुटून गेला होता. टेप लावला की एक इंच जास्त धरायचा, हे शेजारच्या लेकरांनासुद्धा पाठ. हा मात्र दर वेळी विसरणार. म्हणून त्याच्या घरी न्हाणीचं दार इंचभर आखूड, खिडकीची फळी इंचभर आखूड, अन् पाहुणे न्हाणीत गेले की खालून त्यांचे पाय दिसायचे. खाणीच्या वर्कशॉपात उभी हयात गेली, पण हेल्पर म्हणूनच. डोक्यावर फोरमन होता म्हणून निभावलं. त्याची बायको मोतीबाई तर चारचौघांत सांगायची, "यायच्या हातात मी कपबशी देतच नाही. स्टीलचा गिलास देते. पडला तं उचलता येते."

असल्या माणसानं रिटायर झाल्यावर गोल्फच्या स्टिका बनवायला घेतल्या. गोल्फच्या, बाप्पा!

आता राजूरकडे गोल्फ कुठून आलं म्हणाल, तर खाणीतून आलं. बंद पडलेल्या खाणीची माती जिथं टाकली होती, तो ढिगारा सपाट करून, गवत लावून एका हौशी साहेबानं मैदान केलं होतं. मोजके खड्डे, तेवढेच झेंडे. हप्ताभर साहेब लोक खेळत, रविवारी संध्याकाळी कामगारांनाही मुभा होती. पुढे साहेबाची बदली झाली, झेंडे गेले अन् गवतात बकऱ्या आल्या. जाताना साहेब मोडक्या-वाकड्या स्टिकांची एक बॅग वर्कशॉपात टाकून गेला. ती उत्तमसिंगनं उचलून घरी आणली. मोतीबाईला वाटलं, भंगारवाला आला की जाईल. ती बॅग गेली गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या खोलीत, अन् तिच्यामागं हाही गेला.

गोल्फच्या स्टिकमध्ये काय असतं, तर खाली लोखंडी मुंडकं, वर हाताला रबरी ग्रिप, अन् मधे दांडी. दिसायला सोपं. पण उत्तमसिंगला सोपं काम द्या अन् मग बघा मजा.

पहिली दांडी त्यानं उलटी कापली. बारीक टोक मुंडक्यात जातं, जाड टोक हातात राहतं, म्हणून जास्तीची लांबी जाड टोकाकडून काढायची. मोबाइलवर बघून बघून त्याला हे तोंडपाठ होतं. तरी कापलं बारीकच टोक. मग उरलेली दांडी काही केल्या मुंडक्यात शिरेना. दुसरीचं मुंडकं पक्कं चिकटवून झालं, अन् तेव्हा ध्यानात आलं की सांध्यावर बसायचं काळं कडं आधी दांडीत ओवायचं राहून गेलं. ते बिचारं टेबलावर पडलेलं होतं. तिसरी त्या तुटक्या टेपानं मोजली. काय झालं असेल ते तुम्हाला कळलंच. चौथीला तर हद्द झाली. दोन ट्यूबांमधला गम सारख्याच मापानं घेऊन कालवायचा अन् तो पुरता सुकेस्तोवर थांबायचं, एवढंच करायचं होतं. ह्यानं एक ट्यूब जास्त पिळली, दुसऱ्याच दिवशी सकाळी स्टिक अंगणात नेली अन् गरकन फिरवली. मुंडकं सुटलं ते थेट गोपाल चव्हाणच्या म्हशीच्या टोपल्यात, सरकीच्या ढेपेच्या मधोमध. म्हशीचं नाक तिथून वीतभर. गोपाल ते घेऊन आला अन् अगदी शांतपणे म्हणाला, "काका, तुमचं मुंडकं आमच्या म्हशीनं खाल्लं असतं."

तांडा आठ दिवस हसला. मोतीबाईला वाटलं, चला, आता तरी ही थेरं थांबतील. पण झालं भलतंच.

त्यानं त्या फसलेल्या स्टिका फेकल्या नाहीत. पत्र्याच्या खोलीच्या भिंतीत खिळे ठोकले अन् एकेक स्टिक एकेका खिळ्याला टांगली. नवा टेप आणला तेव्हा तुटका टेपही शेवटच्या खिळ्यावर गेला. दुसऱ्या दिवशी मोतीबाई चहा घेऊन दारात आली तर हा आंघोळ करून, ओल्या केसांनी भिंतीसमोर उभा. एकेका स्टिकला हात लावत होता अन् हळू आवाजात बोलत होता.

"तुले उलटी कापली. तुह्यं कडं राह्यलं. तुले तुटक्या टेपानं मोजलं. तुह्यावर घाई केली."

शेवटी टेपाला हात लावला, तो हात कपाळाला लावला, अन् मग कुठं हॅक्सॉ उचलला. मोतीबाईच्या हातातला चहा निवून गेला. आधी तिला वाटलं, याडी ये, माय माझी, माणूस बह्याड झाला, पार खुळावला! पण तो रोजच असं करू लागला, अन् रोज बघता बघता तिला काहीतरी वेगळंच वाटायला लागलं. लोक आपल्या चुका झाकून ठेवतात. घरात कोणी नाव काढलं तर अंगावर धावून येतात. ह्या माणसानं त्या उघड उघड भिंतीवर टांगल्या होत्या अन् रोज सकाळी त्यांच्यासमोर हात जोडून उभा राहत होता. एवढ्या वर्षांच्या संसारात तिला नवऱ्याचा राग आला होता, कीव आली होती, हसू तर रोजच यायचं. पण ह्याच्याकडे बघून गप्प व्हावं, असं पहिल्यांदाच वाटलं.

अन् त्या खोलीत तो माणूस खरंच दुसराच होता. बाहेर आला की उंबऱ्याला ठेच खायचा, जेवताना मिठाऐवजी सोडा घ्यायचा. आत गेला की हात संथ. एकदा मोजणार, टेप सोडणार, बाहेर जाऊन पाणी पिऊन येणार, अन् जणू काही मोजलंच नाही असं पुन्हा मोजणार. कापायच्या जागेवर खूण करणार, जाड टोकाला सुतळी बांधणार, "हे हाताचं, हे हाताचं" असं स्वतःला बजावणार. काळं कडं आधीच दांडीत ओवून ठेवणार. गम कालवला की थोडासा पत्र्यावरही टाकणार, अन् पत्र्यावरचा थेंब नखानं खरवडला न गेला तरच स्टिकला हात लावणार. मुलगा शाम यवतमाळजवळ लोहाऱ्याला कारखान्यात होता. तो मोबाइलवरून दांड्या अन् मुंडकी मागवून पाठवायचा. पार्सल आलं की उत्तमसिंग ते लगेच फोडायचा नाही, आधी हात धुवायचा. तयार झालेली स्टिक तो एका बोटावर आडवी तोलून धरायचा, अन् ती लोखंडी मुंडक्याची लांब दांडी त्याच्या बोटावर न हलता राहायची. त्याच हातून आयुष्यभर बश्या फुटल्या होत्या! मोतीबाई ते बघायची अन् तिच्या अंगावर काटा यायचा.

ह्या स्टिका तो विकत नसे. कोणी मागतही नव्हतं म्हणा. मोकळ्या मैदानावर जायचा, बकऱ्या हाकलायचा, दोन-चार बॉल मारायचा अन् घरी यायचा. खेळात तो यथातथाच. खेळाडू होता भावसिंग.

भावसिंग पवार, उत्तमसिंगहून थोडा लहान, त्याच तांड्यातला, खाणीत डंपर चालवायचा. रविवारच्या त्या संध्याकाळी तो स्टिक उचलायचा अन् बॉल असा मारायचा की साहेब लोकही चहाचे कप खाली ठेवायचे. पण दोन दिवाळ्यांपूर्वी त्याला लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायला लागला. डॉक्टर म्हणाले, रोज चाला, बाहेर पडा. भावसिंगनं खाट भिंतीकडे करून घेतली अन् भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. घरातल्या घरात मोरीपर्यंत तेवढा जायचा. लोक भेटायला यायचे तर डोळे मिटून घ्यायचा. त्याची सून अंजू मोतीबाईजवळ येऊन रडायची, "काकू, मामाजी जेवतात, पण जगत नाहीत हो."

एक दिवस उत्तमसिंग नवा टेप खिशात घालून त्याच्या घरी गेला. मोतीबाईही सोबत गेली, कारण हा तिथं जाऊन काय बोलेल ह्याचा तिला भरवसा नव्हता.

"उठ," उत्तमसिंग म्हणाला. "माप घ्यायचं हाय."

भावसिंगनं मान वळवली. "तिरडीचं का?"

"तिरडीले माप नाही लागत. उभा राह्य."

मोतीबाईनं कपाळावर हात मारला. पण अंजूनं सासऱ्याला आधार देऊन उभं केलं. उत्तमसिंग गुडघ्यावर बसला अन् डाव्या मनगटापासून जमिनीपर्यंत टेप धरला. आकडा मोठ्यानं म्हणाला, मोतीबाईला म्हणायला लावला. मग थांबला. भावसिंगच्या पायाकडे बघत राहिला.

"मैदानावर अनवानी जाशील का तू? बूट कुठं हायत तुह्ये?"

बूट माळ्यावर होते. अंजूनं शोधून काढले, जाळं पुसलं, घालून दिले. माप बदललं. अर्धा इंच असेल नसेल, पण बदललं. उत्तमसिंगनं मोतीबाईकडे बघून मान हलवली. मग अंगणातल्या पऱ्हाट्यांच्या ढिगातून एक सरळ पऱ्हाटी उपसली अन् भावसिंगच्या डाव्या हातात दिली. "फिरव."

"एका हातानं?"

"एका हातानं डंपर वळवत होता नं? फिरव."

भावसिंगनं कापसाची ती वाळकी काडी फिरवली. एकदा वाकडी, एकदा बरी, अन् एकदा हवेत अशी सूं वाजली की अंजूनं तोंडाला ओढणी लावली. तो खाटेवर बसला. दम लागला होता. पऱ्हाटी सोडली नव्हती त्यानं.

"बनव तू स्टिक," तो म्हणाला. "पण आयकून घे, भिया, तू मोठा भाऊ. मी एकदा येईन मैदानावर. एकच दिवस. बॉल लागला तं लागला. नाही लागला, नाहीतं स्टिकनं दगा देल्ला, तं पुन्हा मले या खाटेवरून कोनं उठवायचं नाही. तूबी नाही, डॉक्टरबी नाही. सांग, कबूल हाय का?"

"कबूल," उत्तमसिंग म्हणाला, अन् मोतीबाईनं मागून त्याचा शर्ट ओढला. असली कबुली देतं का कोणी?

परत येताना तिनं वाटेतच धरलं त्याला. "अन् नाही लागला तं?"

"नाही लागला तं त्याचं नशीब. स्टिक सुटली तं माह्यं." तो चालत राहिला. "माह्या वाट्याचं काही राह्यलं नाही पायजे, मोती. बस, एवढंच."

त्या दिवसापासून खोलीत जे चाललं ते बघण्यासारखं होतं. हलकी काळी कार्बनची दांडी शामनं पाठवली होती. उत्तमसिंगनं ती आधी भिंतीवरच्या चुकांना दाखवली. हो, दाखवली! एकेका स्टिकजवळ धरली अन् मग टेबलावर ठेवली. मापाची खूण केली अन् त्या दिवशी कापलीच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून, खूण तिथंच आली तेव्हा कापली. मुंडकं कोरडंच बसवून पाहिलं, काढलं, पुन्हा बसवलं. एकट्या हाताला पकड मिळावी म्हणून ग्रिपखाली पट्टीचे जादा वेढे दिले, अन् ती पकड बघायला दोनदा भावसिंगच्या घरी जाऊन आला. मोतीबाई भाकरी थापता थापता उठून दाराशी येऊन बघायची. तिला वाटायचं, देवळात पुजारीसुद्धा एवढं लक्ष लावून पूजा करत नसेल. अन् आपणच ह्या माणसाला बह्याड म्हणत आलो, हे आठवून तिला लाज वाटायची.

चिकटवायच्या दिवशी सकाळी त्यानं दांडीचं टोक पॉलिश पेपरनं घासलं, स्पिरिटच्या फडक्यानं पुसलं. मुंडक्याचं भोकही आतून तसंच पुसलं. सगळं एका धुतलेल्या कापडावर मांडलं अन् हात धुवायला बोअरवर गेला. त्याचं हात धुणं म्हणजे अर्धा तास.

मोतीबाई खोलीत आली. कापडावर ती दांडी पडली होती, काळी, कोरडी ठणठणीत. तिला कसंतरी झालं. तिचा बाप बैलगाड्यांची अन् अवजारांची कामं करायचा. त्यांच्या तांड्यात कुऱ्हाड असो की टिकास, दांडा कधी कोरडा बसवत नसत. आधी जवसाचं तेल पाजायचं, मगच लोखंडात ठोकायचा. कोरडा दांडा घात करतो, बाप म्हणायचा, अन् तेल लावणारा हात घरच्या बाईचा असायचा. तिची माय लावायची, मग ती स्वतः लावायला लागली. आता एवढी मोठी गोष्ट होऊन राहिली, भावसिंगचा जीव ह्या दांडीत अडकला, अन् आपला हात तिला लागलाच नाही? तिनं स्वयंपाकघरातून वाटीत जवसाचं तेल आणलं. बोट बुडवलं. दांडीच्या टोकाला लावलं, मुंडक्याच्या भोकात फिरवलं, मनातल्या मनात सेवालाल महाराजांचं नाव घेतलं अन् गुपचूप चुलीजवळ जाऊन बसली. बाईच्या हातानं झालेली अशी गोष्ट बोलून दाखवत नसतात.

थोड्या वेळानं खोलीतून गम कालवल्याचा वास आला. मोतीबाईला फार बरं वाटलं.

पत्र्यावरचा थेंब दगडासारखा झाला, त्यानंतरही उत्तमसिंग पुरते दिवस थांबला. मग निरोप गेला. सकाळच्या उन्हात आटो मैदानाजवळ येऊन उभा राहिला. भावसिंगनं इस्त्रीचा शर्ट घातला होता, बूट घातले होते, केस चापून बसवले होते. तो दिसला अन् मोतीबाईला रडू कोसळेल असं वाटलं. गोपालसुद्धा बकऱ्या हाकलायच्या निमित्तानं आला होता. तांड्यातली आणखी चार माणसं उगाचच आली होती. कोणी हसत नव्हतं.

अंजू अन् गोपाल भावसिंगला आटोतून उतरवत असताना स्टिक घडीभर अंजूच्या हातात आली. तिनं मुंडकं हलवून पाहिलं. "काका, खिळा नाही, स्क्रू नाही. एवढं घट्ट बसलं तरी कशानं?"

"स्वच्छतेनं, बेटा," उत्तमसिंग म्हणाला. "गमाची अन् तेलाची सवत-सवत हाय. बोटाचा तेलकट ठसा जरी आत राह्यला तरी वरून पक्कं दिसते, अन् जोर लागला की मुंडकं चाललं उडत."

मोतीबाईला डोळ्यांसमोर ते बोट दिसलं, वाटी दिसली, ते भोक दिसलं. आत तेल होतं. तिनंच लावलं होतं. अन् समोर भावसिंग गवतावर पाय ओढत, एकेक पाऊल टाकत बॉलपाशी चालला होता. दोन वर्षांनी माणूस उन्हात आला होता. आता थांबवलं तर तो जाऊन भिंतीकडे तोंड करेल तो कायमचा. नाही थांबवलं तर मुंडकं उडेल, अन् चारचौघांसमोर स्टिकनं दगा दिला असं होईल. कुणाला लागलं तर ते वेगळंच. गप्प राहावं? कदाचित टिकेल. कदाचित देव... छे! ज्या माणसानं आपल्या चुका भिंतीवर टांगल्या, त्याच्या बायकोनं आपली चूक ओढणीत लपवायची?

"थांबा!" ती ओरडली. "ओ शामचे बाबा, ते स्टिक त्याईले देऊ नका! मी तेल लावलं व्हतं तिले. आतमधून. जवसाचं. तुमी हात धुवाले गेलते तवा."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. भावसिंग जागच्या जागी थबकला. त्याच्या चेहऱ्यावरून जे उतरलं ते मोतीबाईनं पाहिलं, अन् तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

उत्तमसिंगनं अंजूच्या हातून स्टिक घेतली. ह्याच माणसानं कधीकाळी भाजीत मीठ जास्त झालं म्हणून ताट भिरकावलं होतं. तो स्टिककडे बघत राहिला, मग बायकोकडे.

"मले ठाऊक हाय," तो म्हणाला.

"काय ठाऊक हाय?"

"तेल. मी हात धुवून आलो, टोक उजेडात धरलं तं चमकलं. वास घेतला तं जवस. पुन्हा घासलं, पुन्हा पुसलं. भोकबी आतून तीनदा पुसलं. नजरेआड झालेली वस्तू मी पुन्हा पुसतोच, मंग कोनी हात लावो का न लावो." त्यानं मुंडक्यावरून अंगठा फिरवला. "फडक्यावरचं तेल मुंडक्याले बाहेरून चोळलं. गंजत नाही त्यानं. पाह्य, कसं चमकून राह्यलं."

मोतीबाईचा जीव भांड्यात पडला, अन् पाठोपाठ तिला असा संताप आला की काही विचारू नका. "अन् एवढे दिवस मले सांगतलं काहून नाही? माह्या जिवाचं पानी पानी झालं इथं!"

"सांगतलं असतं," उत्तमसिंग मान खाली घालून म्हणाला, "तं तू पुन्हा कोन्याच कामाले हात लावला नसता."

मोतीबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. दाराचं माप चुकणारा, बस चुकणारा हा माणूस तेल पुसताना तेल लावणारीचा मान जपायला चुकला नव्हता. हा कोण माणूस आहे, अन् इतकी वर्षं आपण कोणाशी संसार केला, असं तिला वाटून गेलं.

"तुमचं नवरा-बायकोचं झालं असन," भावसिंग म्हणाला, "तं मी मारू का?"

उत्तमसिंगनं स्टिक त्याच्या डाव्या हातात दिली अन् मागं सरला. भावसिंगनं पाय रोवले. उजवा हात शर्टाच्या बाहीत नुसता लोंबत होता. त्यानं स्टिक मागं नेली अन् फिरवली. वारं कापल्याचा आवाज झाला. मुंडकं जागच्या जागी होतं.

बॉलही जागच्या जागी होता.

गोपाल बकरीकडे बघायला लागला. भावसिंग बॉलकडे बघत उभा. मग हळूच म्हणाला, "भाभी, भिया तं म्हनते तेल पुसलं. मंग हुकलं कसं?"

मोतीबाईनं डोळे पुसले. ती कधी गप्प बसली होती की आता बसेल? "स्टिकले कायले नाव ठेवता, भावसिंग भाऊ? स्टिक नाही हुकली. तुमीच मान वर केली. बॉल कुठं जाते हे पाहाची एवढी घाई झाली तुमाले, तो निघाच्या आधीच!"

अंजूनं जीभ चावली. पण भावसिंगचं तोंड एका बाजूनं हललं. मग छाती हलली. तो हसत होता. अर्ध्याच तोंडानं, पण खदखदून हसत होता. दोन वर्षांत ते हसू कोणी ऐकलं नव्हतं.

त्यानं पुन्हा पाय रोवले. ह्या वेळी मान खाली ठेवली, अगदी गवतात रुतल्यासारखी. स्टिक मागं गेली, आली, अन् टक्क असा आवाज झाला, कोरडा, स्वच्छ. बॉल उडाला. फार उंच नाही, पण उडाला. पाखरू बांधावरून निघतं तसा निघाला, बकऱ्यांवरून गेला, सूर्याच्या तिरिपीत पांढरा चमकला, अन् दूर बाभळीच्या अलीकडे गवतात पडला. जुना भावसिंग ह्याच्या दुप्पट मारायचा. पण मोतीबाईनं जन्मात एवढं मोठं काही पाहिलं नव्हतं. तिचे हात आपोआप जोडले गेले. बॉलला, स्टिकला, नवऱ्याला की त्या एका हाताला, कोणाला जोडले ते तिलाही कळलं नाही.

आटोवाल्यानं भोंगा वाजवला. त्याला वणीला जायचं होतं.

"तू जाय रे," भावसिंग त्याला म्हणाला. "मी बॉल आनायले चाललो."

"मामाजी, मी आनते नं," अंजू धावली.

"ज्यानं मारला त्यानं जाचं असते बॉलपाशी. खेळच असा हाय हा, पोरी."

अन् तो निघाला. स्टिक उलटी धरून तिचं मुंडकं मुठीत घेतलं अन् तिच्यावर भार देत देत, उजवा पाय ओढत निघाला. उत्तमसिंगचं तोंड उघडलं. त्या हलक्या दांडीवर असा भार टाकतात का कोणी? मोतीबाईला त्याचा तो जीव खाली-वर झालेला दिसला. पण त्यानं तोंड मिटलं. अंजू पुढे झाली तर तिचा हात धरून त्यानं तिला थांबवलं.

बाभळ लांब होती. मधे गवत होतं, खड्डे होते, बकऱ्यांच्या लेंड्या होत्या. भावसिंग थांबत होता, दम घेत होता, पुन्हा निघत होता. मागं वळून त्यानं एकदाही पाहिलं नाही. मोतीबाई त्याच्या मागं थोडं अंतर ठेवून चालत राहिली. त्याचा तोल गेला की तिचे हात पुढे यायचे, अन् दर वेळी ती ते ओढणीत गुंडाळून घ्यायची.